भोंग्याची पट्टी

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी टोकियोहून नातवाची एक ध्वनिफीत आली. नातू म्हणजे माझ्या भाचीचा मुलगा, अकरा वर्षांचा. मला मावशीआजी म्हणतो. मी पेटी शिकवते, म्हणून त्याच्या की-बोर्डवर जे काही नवं जमेल ते तो आधी मला ऐकवतो. या वेळी सोबत एवढंच लिहिलं होतं, ‘मावशीआजी, हेडफोन लावून ऐक.’

सुरुवातीला पाच सूर, घंटेसारख्या आवाजात, झरझर वर चढणारे. लगेच तीच लड पुन्हा, पण अर्धा सूर वरून. मग ड्रमचा ठेका आला, त्याच्याखाली जाड खर्ज, आणि ते पाच सूर कधी सरळ, कधी उलटे, कधी दुप्पट लयीत त्या ठेक्यावर खेळत राहिले. दोन मिनिटांचा तुकडा. मी तीनदा ऐकला आणि त्याला कळवलं, ‘फार छान. दोन्ही गंधार किती सुंदर लागलेत.’

तासाभराने भाचीचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. “मावशी, तू त्याला छान म्हणालीस? अगं, ते भूकंपाच्या इशाऱ्याचे सूर आहेत. काल मी स्वयंपाकघरात होते. त्याच्या खोलीतून ते आले आणि मला कळायच्या आत मी गॅस बंद करून टेबलाखाली बसले होते.” टेबलाखाली असतानाच तिला पाठोपाठचा ड्रम ऐकू आला. मग ती तिथेच रडली. मुलगा दारात येऊन उभा. त्याला कळेना आपलं काय चुकलं.

मलाही कळेना. आईचं शरीर खरं बोलत होतं आणि पोराचा कानही खरंच बोलत होता. त्या फोनपासून जवळजवळ वर्षभर मी हेच ऐकते आहे. जपानचे सूर, अमेरिकेचे, कॅनडाचे, ब्रिटनचे जुने भोंगे, आणि जगभरच्या पोरासोरांनी घरातल्या कॉम्प्युटरवर बसून त्यांची केलेली गाणी. ती ढिगाने आहेत. काही नुसती दणदणाट आहेत, पण काही ऐकताना मला माझ्या वडिलांची, अण्णांची आठवण येते. ती का येते ते पुढे सांगते.

आधी ते पाच सूर.

जपानमध्ये भूकंपाचा आगाऊ इशारा सर्वसामान्य लोकांना द्यायला 1 ऑक्टोबर 2007 पासून सुरुवात झाली. भूकंपात जमिनीतून दोन तऱ्हेच्या लाटा निघतात. पहिली वेगवान पण हलकी, दुसरी तिच्या मागून येणारी आणि घरं पाडणारी. पहिली लाट यंत्रांनी टिपली की दुसरी पोचायच्या आत इशारा द्यायचा. हाताशी काही सेकंद असतात, कधी दहा-वीस. एवढ्या वेळात वाचून समजून घेणं शक्य नाही. कानावर सूर पडले की पाय हलले पाहिजेत.

एनएचके या तिथल्या सार्वजनिक वाहिनीसाठी हे सूर तोरू इफुकुबे यांनी बांधले. ते संगीतकार नव्हेत, ध्वनी आणि श्रवण यांचे संशोधक. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी, बोलता न येणाऱ्यांसाठी साधनं तयार करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांचे काका अकिरा इफुकुबे मात्र मोठे संगीतकार, गॉडझिलाच्या चित्रपटांना संगीत देणारे. अकिरा होक्काइडो बेटावर ऐनू या मूळ रहिवाशांची गाणी ऐकत वाढले होते, आणि ‘ताप्कारा’ या ऐनू नृत्यप्रकाराच्या नावाने त्यांनी एक सिंफनी लिहिली होती. काका 2006 साली गेले. पुतण्यासमोर इशाऱ्याचं काम आलं तेव्हा त्याने त्या सिंफनीच्या शेवटच्या भागातला स्वरसमूह उचलला आणि त्याची लड केली.

त्यांनी स्वतःला घालून घेतलेल्या अटी मी एका वहीत लिहून ठेवल्या आहेत. आवाजाने लक्ष वेधलं पाहिजे. ऐकणाऱ्याला काहीतरी करावंसं वाटलं पाहिजे. आधीच्या कुठल्याही भोंग्याशी, घंटेशी तो मिळताजुळता नको. फार किळसवाणा नको, फार आनंदी नको, फार उदासही नको. आणि ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यापर्यंत तो पोचला पाहिजे. या शेवटच्या अटीशी मी दर वेळी थांबते. घाबरवण्याचं काम हातात घेतलेला माणूस आधी बहिऱ्या म्हाताऱ्या माणसाचा विचार करतो.

पेटीवर ती लड अशी निघते: सा, शुद्ध गंधार, पंचम, कोमल निषाद, आणि वर तार सप्तकातला कोमल गंधार. खाली शुद्ध ग, वर कोमल ग. आपल्या कानाला क्षणभर जोग रागाची चाहूल लागते. जोग म्हणता येणार नाही, कारण मध्यमच नाही, पण दोन्ही गंधारांची ती ओढ तीच. मी नातवाला लिहिलं ते याच ओढीमुळे. आणि मग दुसरी लड. सगळेच्या सगळे सूर अर्ध्याने वर. तंबोऱ्यासमोर वाढलेल्या माणसाला हे किती अस्वस्थ करतं ते सांगणं अवघड आहे. आपण काही झालं तरी सा सोडत नाही. राग बदलेल, लय बदलेल, गायक चुकेल, पण षड्ज पायाखाली असतो. इथे पहिली लड संपते ना संपते तोच षड्जच सरकतो. जमीन हलणार आहे हे सांगायला इफुकुबेंनी जमीनच हलवली आहे. त्यांनी असा विचार केला असेल असं मी म्हणत नाही, मला ते असं ऐकू येतं.

भाची 2009 पासून टोकियोत आहे. 11 मार्च 2011 ला दुपारी 2 वाजून 46 मिनिटांनी ती ऑफिसात होती. तिच्या फोनने काही सांगितलं नाही. पहिल्या इशाऱ्यात ईशान्येकडच्या तोहोकू भागातल्याच प्रांतांची नावं होती. भूकंप केवढा मोठा आहे हे सुरुवातीच्या सेकंदांत यंत्रणेलाही कळलं नव्हतं. ऑफिसातल्या टीव्हीवर संसदेचं कामकाज चालू होतं आणि त्यातून ते पाच सूर आले. तिने पडद्याकडे पाहिलं, दूरच्या भागाचा नकाशा होता, ती पुन्हा कामाला लागली. मग इमारत डोलायला लागली आणि थांबेचना. पुढचे कित्येक आठवडे फोन रात्री-अपरात्री केकाटत राहिला. कधी धक्का यायचा, कधी नाही. दोन लहान भूकंप एकाच वेळी झाले तर यंत्रणा त्यांना एक मोठा समजायची. त्या दिवसांत मी फोन केला की ती बोलता बोलता गप्प व्हायची आणि मी मिरजेत रिसीव्हर धरून तिचा श्वास ऐकत बसायची.

फोनवरचा तो आवाज निराळा आहे, वुई-वुई-वुई करत वर उसळणारा. तो ताकाशी कोकुबो यांनी केलेला. हे गृहस्थ आयुष्यभर लाटांचे, रानातले, पावसाचे आवाज जमवून शांतवणारं संगीत करत आले. देशातल्या लोकांना झोपेतून खडबडून उठवणारा आवाज अशा माणसाच्या हातून घडला, हे मला फार जवळचं वाटतं. शांतता कशाने मोडते हे ज्याला नेमकं कळतं, त्याच्याकडेच ते काम जायला हवं होतं.

आता अण्णांविषयी.

माझं लहानपण परळच्या चाळीत गेलं. अण्णा गिरणीत होते. चाळीच्या भजनी मंडळात पेटी तेच वाजवायचे. गिरणगावात तेव्हा घड्याळ कोण बघत होतं? भोंगा झाला की पाळी सुरू, भोंगा झाला की पाळी सुटली, भोंग्यावर आईचा भात चढायचा. प्रत्येक गिरणीचा भोंगा वेगळा आणि आम्हा मुलांना तो आवाजावरून ओळखता यायचा. अण्णांनी आमच्या गिरणीच्या भोंग्याची पट्टी पेटीवर शोधून काढली होती. सांगायचे, “आपला भोंगा काळी दोनच्या जरा खाली बोलतो.” काळी दोन म्हणजे सप्तकातली दुसरी काळी पट्टी. शनिवारी रात्री भजनाच्या मध्येच भोंगा झाला की ते भाता धरून त्या सुराशी पेटी लावायचे, भोंगा संपेपर्यंत सूर धरायचे आणि तिथूनच पुढचा अभंग उचलायचे. मंडळातली माणसं हसायची आणि त्याच पट्टीत गायची. रात्रपाळीला जाणारे दारातून ऐकत ऐकत निघायचे. रीमिक्स हा शब्द मी पुढे कितीतरी वर्षांनी ऐकला, पण गोष्ट मी तेव्हाच पाहिली होती. ज्या आवाजाच्या धाकात जगायचं त्याची पट्टी शोधायची, आणि तीत आपलं गाणं म्हणायचं.

डिसेंबर 1971 मध्ये दुसरा भोंगा ऐकला, युद्धाचा. मी सात वर्षांची. खिडक्यांच्या काचांना काळा कागद, दिवा विझलेला, आणि तो आवाज वर चढतोय, खाली घसरतोय, पुन्हा चढतोय. मी अण्णांच्या मांडीवर होते. त्यांनी माझ्या कानाशी म्हटलं, “ही नुसती मींड आहे. कुठल्याच सुरावर थांबत नाही ना, म्हणून भीती वाटते.” मग बऱ्याच वेळाने एकाच उंचीवर स्थिर धरलेला लांब आवाज आला. अण्णा म्हणाले, “बघ, आता सा लागला. झोप.”

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे, हे मला आता वर्षभर या विषयात राहिल्यावर कळलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये हीच रीत होती आणि आपल्याकडे नागरी संरक्षणातही तीच आली: वर-खाली होणारा आवाज म्हणजे धोका, सरळ धरलेला आवाज म्हणजे धोका टळला. ब्रिटनच्या त्या भोंग्यांत फिरणाऱ्या भागाला एका बाजूला 10 आणि दुसऱ्या बाजूला 12 खाचा असत, म्हणून एकाच वेळी दोन सूर निघत. 10 ला 12 हे प्रमाण म्हणजे सा आणि कोमल गंधार. लंडनवर बाँब पडत होते तेव्हा शहरावरून कोमल गंधार फिरत होता. लोकांनी त्याला ‘कण्हणारी मिनी’ असं बाईचं नाव दिलं होतं.

सायरनचा जन्म मुळात धोक्यासाठी झालेलाच नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ कान्यार द ला तूर याने 1819 साली ते यंत्र पुढे आणलं ते स्वर मोजण्यासाठी. भोकं पाडलेली तबकडी, तिच्यावर हवेचा झोत. तबकडी फिरली की हवा तुटक तुटक सुटते आणि तिचा सूर होतो. 10 भोकांची तबकडी सेकंदाला 44 फेरे फिरली की 440 कंपनं, म्हणजे आपली पांढरी सहा. सुराची उंची आकड्यात सांगता येऊ लागली ती अशा यंत्रांमुळे. ते पाण्याखालीही गातं म्हणून त्याला ग्रीक पुराणातल्या समुद्रकन्यांचं नाव मिळालं. गिरणीवर आणि गच्चीवर ते नंतर चढलं. कॉम्प्युटरवर सायरनचे तुकडे कापत बसलेला एखादा मुलगा मला म्हणूनच उपरा वाटत नाही. तो त्या यंत्राला त्याच्या माहेरी घेऊन चालला आहे.

आणि हे त्याच्या आधीही झालेलं आहे. 7 नोव्हेंबर 1922 ला बाकू शहरात, क्रांतीच्या पाचव्या वर्धापनदिनी, आर्सेनी आव्रामोव या संगीतकाराने अख्खं बंदर वाद्यासारखं वाजवलं. कॅस्पियन ताफ्यातल्या जहाजांचे भोंगे, कारखान्यांच्या शिट्ट्या, रेल्वे इंजिनं, तोफा, आणि माणसांचे समूह. मधे उंच मनोऱ्यावर उभा राहून झेंड्यांच्या खुणांनी सगळ्यांना सांभाळणारा तो. वाफेच्या शिट्ट्या एका मोठ्या नळीवर सुरांत लावून त्यांच्यावर कामगारांचं गाणं वाजवलं होतं. वाचताना मला सारखे अण्णा दिसत होते. त्यांना त्या मनोऱ्यावर नुसतं दहा मिनिटं उभं करायला हवं होतं. पुढे एदगार वारेझ याने 1931 मध्ये तालवाद्यांच्या रचनेत दोन सायरन वापरले, सायरन मैफलीच्या दालनातही बसला.

अमेरिकेचा इशारा ऐकायला सर्वांत कठीण. त्याच्या कर्कश आवाजात 853 आणि 960 कंपनांचे दोन सूर एकदम वाजतात. मी गणित केलं तर प्रमाण निघालं जवळजवळ बरोबर आठास नऊ. म्हणजे सा आणि शुद्ध रिषभ! अशी आपली पहिल्या दिवशीची शिकवणी. एकामागून एक म्हटले तर लहान मूलही म्हणेल, एकदम दाबले तर दातांतून कळ जाते. त्यातही हे दोन्ही सूर पेटीच्या कुठल्याच पट्टीवर बसत नाहीत. एक काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मधे, दुसरा काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे. रीमिक्स करणाऱ्याला एक तर तो आवाज ओढून पट्टीत आणावा लागतो, नाहीतर बाकीचा सगळा वाद्यमेळ त्याच्यासाठी बेसूर करावा लागतो. मी ऐकलेल्यांत एकाने दुसरा मार्ग घेतला होता. सगळी वाद्यं 853 च्या सा वर लावलेली. त्या पोराला, कुठला आहे कोण जाणे, मनापासून नमस्कार करावासा वाटला.

कॅनडाचं नेमकं उलटं. त्यांच्या इशाऱ्यात दोन स्वरसमूह आलटून पालटून वाजतात आणि त्यातले सूर पियानोच्या पट्ट्यांवर अचूक बसवलेले आहेत: 440 म्हणजे पांढरी सहा, 932.33 म्हणजे वरची काळी पाच, 1046.5 म्हणजे त्याच्या वरची पांढरी एक. भोंगा ठरवताना कुणीतरी पियानोचे आकडे समोर ठेवले होते हे उघड दिसतं. माझ्या पेटीवर मी तो जसाच्या तसा वाजवू शकते. विद्यार्थिनींना ऐकवला तर एक म्हणाली, “बाई, हे तर एखाद्या गाण्याच्या मधलं म्युझिक वाटतं.”

अमेरिकेच्या इशाऱ्याआधी एक खरखरीत, बदकासारखा आवाज येतो, कर्रर्र, तीनदा. ती यंत्राने यंत्राला सांगितलेली भाषा. धोका कुठला, कुठल्या जिल्ह्यात, किती वेळ, ते सगळं सेकंदाला 520 च्या वर बिट अशा वेगाने पाठवलेलं. एखादी चूक झाली तर ताडून बघता यावी म्हणून मजकूर तीनदा जातो, आणि मधे एकेक सेकंद थांबा. तीनदा तेच, मधे दम. ही दमदार तिहाई झाली, तोच बोल तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येण्याची! मला हे कळल्यावर मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. चांगले रीमिक्सवाले या तिहाईचा फार सुंदर उपयोग करतात. तिसऱ्या कर्रर्रवर सम येते आणि ठेका उघडतो.

याच बदकाच्या आवाजापाशी हा खेळ धोक्याचाही होतो. ऑक्टोबर 2014 मध्ये अमेरिकेत एका रेडिओ कार्यक्रमात जुन्या देशव्यापी चाचणीचं ध्वनिमुद्रण वाजवलं गेलं. बोलण्याच्या ओघात, दाखला म्हणून. पुढच्या केंद्रांवरच्या यंत्रांनी तो खरा इशारा समजून आणखी पुढे ढकलला आणि अनेक राज्यांत तो पोचला. त्या कंपनीला 10 लाख डॉलर दंड झाला. त्याच वर्षी एका चित्रपटाच्या जाहिरातीत हे सूर वापरले म्हणून तीन माध्यम कंपन्यांना मिळून 19 लाख डॉलरहून अधिक दंड प्रस्तावित झाला होता. तिथल्या कायद्याने खरा प्रसंग, चाचणी किंवा रीतसर जनजागृती सोडून हे सूर प्रसारित करता येत नाहीत. आपल्याकडेही मे 2025 मध्ये, देशभर सरावाचे भोंगे वाजले त्याच आठवड्यात, नागरी संरक्षण महासंचालनालयाने वाहिन्यांना कळवलं की बातम्यांच्या मागे हवाई हल्ल्याचे सायरन वाजवू नका. लोकांचा कान मरतो, उद्या खरा वाजला तर कुणी उठणार नाही. मला हे शंभर टक्के पटलं. त्या आठवड्यात एका रात्री टीव्हीवर तासन् तास जो सायरन चालू होता त्यात ना इशारा होता ना गाणं. तो ऐकून माझी शेजारीण, वय 84, अंगणातल्या कट्ट्यावर येऊन बसली आणि घरात जायला तयार होईना.

मग नातवाच्या तुकड्याचं काय करायचं?

मी स्वतःपुरतं असं ठरवलं आहे. सूर कुणाच्याही मालकीचे नाहीत. ते घ्यावेत, उलटे करावेत, त्यांच्यावर ठेका धरावा. पण खरा मुद्रित आवाज, ज्याच्यावर कुणाचं तरी शरीर उठून धावायला शिकलं आहे, तो तसाच्या तसा उघड्या दारातून बाहेर सोडू नये. आणि माणसाचा आवाज तर अजिबात घेऊ नये. 1 जानेवारी 2024 ला जपानच्या नोतो भागात मोठा भूकंप झाला तेव्हा एनएचकेची निवेदिका नेहमीचा शांत स्वर सोडून ओरडली होती, ‘आत्ता लगेच पळा.’ ते ओरडणं ठरवून केलेलं होतं. शांत आवाजात सांगून लोक हलत नाहीत, हे 2011 नंतर तिथल्या निवेदकांनी शिकून घेतलं होतं. त्या वाक्याचा ठेका बनवलेला एक रीमिक्स माझ्या समोर आला. अर्ध्यात बंद केला. त्या बाईचा गळा त्या दिवशी माणसं वाचवत होता.

आणखी एक सकाळ मला विसरता येत नाही. 20 जुलै 2023. साडेदहाच्या आसपास महाराष्ट्रातही अनेकांचे फोन अचानक जोरात वाजले, थरथरले, पडद्यावर आपत्तीचा इशारा उमटला. ती नव्या यंत्रणेची चाचणी होती. मी क्लासला निघाले होते, हातातून पिशवी पडली. समोर टीव्हीवर इर्शाळवाडी चालू होती. आदल्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची ती ठाकूरवाडी दरडीखाली गेली होती. वर जायला रस्ता नव्हता, जवान पाऊलवाटेने मातीत पाय रोवत चढत होते. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं मिळालीच नाहीत. फोनवरच्या त्या आवाजाचे सूर मी कधी पेटीवर शोधले नाहीत. सगळ्या देशांचे शोधले, आपला नाही. हात जात नाही.

भाचीचं आणि माझं पुढच्या रविवारी बोलणं झालं. मी तिला अण्णांचा भोंगा सांगितला. तिने तो ऐकलाच नव्हता. अण्णा तिचे आजोबा, पण 1982 च्या संपानंतर गिरणी सुटली, आम्ही मिरजेला आलो, अण्णा ओळखीच्या कारागिरांकडे तंबोऱ्याच्या कामाला लागले, आणि भाचीला आठवतात ते जवारी लावणारे अण्णा. घोडीवर सूत सरकवत, कान भोपळ्याला टेकवून बसलेले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्याला म्हणावं वाजव, पण हेडफोन लावून. आणि मला आधी सांगून.”

नातवाने त्यात आपल्याकडून भर घातली. आता तो लड वाजवायच्या आधी आईला हाक मारतो, “आई, खोटा!” आणि दोन सेकंद थांबतो. मी म्हटलं, ती हाक पण घे तुझ्या तुकड्यात. त्याने घेतली. माझ्या मते तो त्याचा सर्वांत चांगला भाग आहे.

त्याच्या वस्तीत खांबांवर कर्णे आहेत. जपानमध्ये गावोगावी असतात, आपत्तीच्या वेळी सूचना द्यायला. ते चालू आहेत की बिघडले हे रोज तपासावं लागतं, आणि त्यासाठी रोज भोंगा वाजवण्याऐवजी बहुतेक ठिकाणी संध्याकाळी एक गाणं वाजवतात. पुष्कळ जागी ते ‘युयाके कोयाके’ असतं, सांजवेळेचं जुनं बालगीत. सगळ्या मुलांना ठाऊक असतं की ते लागलं की घरी जायचं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पेटी ओढली. सा रे ग प ध, मध्यम नाही, निषाद नाही. भूपाचे स्वर, आणि तेही दिवेलागणीला.

त्यांचे पाच म्हणजे आपले दुपारचे दीड. हल्ली रविवारी जेवण झालं की मी पेटी उघडून बसते. दीडला दोन मिनिटं असताना फोन येतो, नातू गॅलरीत उभा राहून तो कर्ण्याच्या दिशेने धरतो. आधी नुसता वारा ऐकू येतो, खाली कुणीतरी सायकलची घंटा वाजवतं. मग गाणं सुरू होतं. आवाज इमारतींवर आपटून दोनदा येतो, एक जवळून, एक लांबून. मी भाता हलकेच मारत खालून फक्त सा धरते. परवा त्या सुरांत एक तिसरा आवाज मिसळला. भाची गुणगुणत होती, मागे कुठेतरी, कपड्यांच्या घड्या घालता घालता असावी. गाणं संपलं. कर्णा खरखरला आणि बंद झाला.

“चला,” ती आतून म्हणाली, “पाच वाजले.”